पत्रकाला नाव, आकड्याला नाही : जनमत चाचण्यांतील पारदर्शकतेची गोष्ट, पिंपरी-चिंचवड-चाकणच्या संदर्भात

१/ लोकसभा किंवा विधानसभा निवडणुकीच्या दिवसांत भोसरीच्या चौकात कुणी प्रचारपत्रक हातात ठेवले, तर ते फेकण्यापूर्वी त्याच्या तळाशी पाहावे. बारीक टायपात दोन नावे असतात : मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे, पत्त्यांसह. ही छापखान्याची रीत नव्हे, कायदा आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मधील कलम १२७-अ नुसार ही नावे नसलेले निवडणूक पत्रक छापले, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

२/ त्याच चौकात, त्याच दिवशी, मोबाइलवर एक आकडा येऊन पडतो. अमुक इतके टक्के पुढे, तमुक इतके मागे. तो कुणी काढला, किती जणांना विचारून काढला, त्यासाठी पैसे कुणी मोजले, यांपैकी एकही गोष्ट सांगण्याचे कायद्याचे बंधन नाही. त्या आकड्याचा मतदारावरील परिणाम पत्रकापेक्षा कमी असतो, असे छातीठोकपणे कुणी म्हणणार नाही. मग पत्रकाला एक न्याय आणि आकड्याला दुसरा, हे कसे घडले? आजचा धागा त्याविषयी. जरा लांब आहे.

३/ सुरुवात पिंपरीच्या शेजारून, पुण्यातून करू. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत पुणे विद्यापीठातील राज्यशास्त्राचे प्राध्यापक व. म. सिरसीकर यांनी पुणे मतदारसंघातील मतदारांचा अभ्यास हाती घेतला. मतदार मत कसे ठरवतो, हे पुढाऱ्यांना न विचारता मतदारालाच विचारावे, ही कल्पना तेव्हा भारतात नवीनच होती. या अभ्यासाचा इंग्रजी ग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे निकालानंतर तीन वर्षांनी! त्यावर कुणाची उमेदवारी अवलंबून नव्हती की कुणाची जाहिरात.

४/ सिरसीकर एकटे नव्हते. दिल्लीत एरिक द कोस्टा यांच्या 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक ओपिनियन'ने १९५० च्या दशकातच जनमताचे सर्वेक्षण सुरू केले होते. १९६३ मध्ये रजनी कोठारी यांनी 'सीएसडीएस' ही संस्था स्थापन केली आणि १९६७ च्या निवडणुकीत तिने पहिला राष्ट्रीय निवडणूक अभ्यास केला. या पिढीची एक शिस्त होती. आधी पद्धत सांगायची, मग निष्कर्ष. नमुना कसा निवडला हे न सांगता टक्केवारी देणे त्यांना अर्धवट काम वाटले असते.

५/ ही शिस्त सैल झाली ती आकडा बाजारात उतरल्यावर. १९८० च्या निवडणुकीत 'इंडिया टुडे'ने प्रणय रॉय यांचा अंदाज छापला आणि अचूक अंदाजाला मोल आहे, हे माध्यमांना कळले. रॉय यांच्या बाबतीत एक गोष्ट मात्र नोंदवलीच पाहिजे. डेव्हिड बटलर आणि अशोक लाहिरी यांच्यासह त्यांनी १९८४ साली भारतीय निवडणुकांचा जो संग्रहग्रंथ काढला, त्यात मतांचे जागांत रूपांतर करण्याची रीत उघड मांडलेली होती. मतांचा झुकाव किती आणि विरोधकांच्या ऐक्याचा निर्देशांक किती, या दोन आकड्यांवर ती उभी होती. ज्याला पटत नसेल त्याने वही-पेन्सिल घेऊन तपासावे. नंतर आलेल्या अनेकांनी निकालाचा अंदाज घेतला, ती उघडी वही मात्र मिटवून टाकली.

६/ १९९६ मध्ये 'सीएसडीएस'चा एक्झिट पोल दूरदर्शनवर झळकला. त्याच सुमारास भारतीय वृत्तपत्र परिषदेने वृत्तपत्रांसाठी मार्गदर्शक तत्त्वे आखली. मतदानपूर्व चाचणी छापताना ती कोणत्या संस्थेने केली, कुणी करवून घेतली, नमुना केवढा व कोणत्या स्वरूपाचा होता, तो कसा निवडला आणि चुकीची शक्यता किती, हे ठळकपणे द्यावे. वाक्य उत्तम आहे. मात्र परिषदेच्या हाती दंडुका नाही, आणि दूरचित्रवाणी तिच्या कक्षेतच येत नाही.

७/ आता या कथेतला कळीचा प्रसंग. जानेवारी १९९८. मुख्य निवडणूक आयुक्त मनोहरसिंग गिल. आयोगाने जनमत चाचण्या आणि एक्झिट पोल यांविषयी आदेश काढला. त्याचे दोन भाग होते. पहिला, ठरावीक काळात निष्कर्ष प्रसिद्ध करण्यास बंदी. दुसरा, परवानगीच्या काळात निष्कर्ष देताना नमुन्याचा आकार, पद्धतीचा तपशील, त्रुटीची मर्यादा आणि संस्थेची पार्श्वभूमी जाहीर करणे. पहिल्या भागावरून रान पेटले. अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला, असे संपादक म्हणाले, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. दुसऱ्या भागाविषयी फारसे कुणी बोललेच नाही.

८/ १९९९ च्या निवडणुकीत आयोगाने पुन्हा तोच मार्ग धरला. १४ सप्टेंबर १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठासमोर मुद्दा आला तो असा : ज्याला कायद्याचा आधार नाही असा आदेश आयोग अमलात कसा आणणार? आयोगाला माघार घ्यावी लागली. न्यायालयाची भूमिका माझ्या मते रास्तच होती. पण बंदी आणि खुलासा एकाच मोळीत बांधलेले होते. मोळी फेकली गेली तेव्हा ओल्याबरोबर सुकेही गेले.

९/ २००४ मध्ये एक्झिट पोल सत्ताधारी रालोआला पुढे दाखवत होते. मोजणीत काँग्रेसला १४५ आणि भाजपला १३८ जागा मिळाल्या. बंदीची मागणी पुन्हा जोर धरू लागली आणि २००९ च्या दुरुस्तीने कलम १२६-अ कायद्यात आले. मतदान सुरू झाल्यापासून शेवटच्या टप्प्यातील मतदान संपून अर्धा तास उलटेपर्यंत एक्झिट पोल करणे वा प्रसिद्ध करणे हा गुन्हा. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. म्हणजे १९९८ च्या आदेशातील पहिला भाग संसदेच्या दारातून सन्मानाने परत आला. दुसरा बाहेरच राहिला.

१०/ त्याचा अर्थ काय, हे चिंचवडच्या माणसाने २०२३ मध्ये अनुभवले आहे. आमदार लक्ष्मण जगताप यांच्या निधनामुळे पोटनिवडणूक लागली. मतदान २६ फेब्रुवारीला. त्याच सुमारास त्रिपुरा, मेघालय आणि नागालँडच्या निवडणुका होत्या, म्हणून आयोगाने १६ फेब्रुवारीच्या सकाळी सातपासून २७ फेब्रुवारीच्या सायंकाळी सातपर्यंत एक्झिट पोलवर सरसकट बंदी घातली. शिलाँगमधले मतदान संपेपर्यंत थेरगावात अंदाज सांगता येणार नाही, इतका काटेकोर नियम. पण सात वाजून एक मिनिटाने जो आकडा बाहेर येईल, त्याच्यासोबत काय सांगावे? त्याविषयी कायदा गप्प.

११/ त्या निवडणुकीचा निकाल पाहा. भाजपच्या अश्विनी जगताप ३६,१६८ मतांनी विजयी, राष्ट्रवादीचे नाना काटे दुसरे, आणि अपक्ष राहुल कलाटे यांना ४४,११२ मते. तिसऱ्याची मते विजयाच्या फरकापेक्षा जास्त. अशा लढतीत मतदानाआधी एखादी निनावी 'चाचणी' तिसऱ्या उमेदवाराला चार टक्क्यांवर दाखवते, तेव्हा ती केवळ माहिती राहत नाही. 'मत वाया कशाला घालवायचे?' हा विचार तिथून सुरू होतो. आणि 'अजून ठरवले नाही' म्हणणाऱ्यांचे काय केले? त्यांना वगळले, की पुढे असलेल्या दोघांत वाटून टाकले? एवढ्या एका निर्णयाने तिसऱ्याचे चित्र पालटते, आणि तो निर्णय वाचकाला दिसत नाही.

१२/ आता या पट्ट्याकडे नीट पाहू, कारण चाचणीची सगळी दुखणी इथे एकत्र सापडतात. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली. १९६० च्या दशकात टेल्को आणि बजाज यांनी माळरानाचे रूप पालटले. १९७० मध्ये नगरपालिका, १९८२ मध्ये महानगरपालिका. २००१ च्या जनगणनेत सुमारे दहा लाख लोकसंख्या, २०११ मध्ये सव्वासतरा लाखांहून अधिक. चाकणला बजाज, फोक्सवॅगन, महिंद्रा आले आणि खेड तालुक्यातील गावांत भाड्याच्या खोल्यांच्या चाळी उभ्या राहिल्या.

१३/ त्या खोल्यांत राहणारा माणूस कोण? लातूर, बीड, नांदेडचा, विदर्भाचा, उत्तर प्रदेश-बिहारचा. तो इथे काम करतो, इथले पाणी पितो, इथल्या रस्त्यांना शिव्या घालतो. पण मतदारयादीतले त्याचे नाव पुष्कळदा अजून गावीच असते. चाकणच्या आंबेठाण चौकात उभे राहून पाचशे जणांना 'मत कुणाला?' विचारले, तर पाचशे खरी उत्तरे मिळतील. त्यांतली किती इथल्या मतपेटीत उतरणार आहेत, हे मात्र कळणार नाही. नमुना मतदारयादीतून काढला की रस्त्यावरून, हा म्हणूनच येथे पुस्तकी प्रश्न नाही. साऱ्या आकड्याचा पाया तोच आहे.

१४/ दुसरी अडचण वेळेची. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. सकाळी अकराला दार ठोठावले तर घरात गृहिणी, निवृत्त माणसे आणि रात्रपाळी करून झोपलेला कामगार, ज्याला उठवणे धोक्याचे. सायंकाळी सहाला गेले तर वेगळीच माणसे. फोनवरून विचारले तर अनोळखी क्रमांक उचलणारेच नमुन्यात येतात. कोणतीही पद्धत निर्दोष नाही. दोष कोणत्या बाजूचा आहे हे कळले, तर वाचक तेवढी वजावट करून घेऊ शकतो.

१५/ तिसरी अडचण भीडेची. या पट्ट्यात गावकी अजून जिवंत आहे. दारात सर्वेक्षक उभा आणि मागे गल्लीतल्या भाऊंचा कार्यकर्ता रेंगाळतो आहे, अशा वेळी खरे उत्तर कोण देईल? 'लोकनीती'च्या अभ्यासांत यावर एक साधा तोडगा असतो. मतदाराच्या हाती नकली मतपत्रिका द्यायची, खूण त्याने स्वतः करायची आणि घडी घालून पेटीत टाकायची. 'लोकनीती' म्हणजे 'सीएसडीएस'चाच उपक्रम. महाराष्ट्रातील तिच्या कामाची धुरा पुणे विद्यापीठातील सुहास पळशीकर आणि राजेश्वरी देशपांडे यांनी दीर्घकाळ वाहिली. नमुना मतदारयादीतून कसा निवडला, किती जणांच्या मुलाखती झाल्या, हे त्यांच्या अहवालांत दिलेले असते. सिरसीकरांची परंपरा विद्यापीठात टिकली, असे म्हणायला हरकत नाही.

१६/ चौथी अडचण गणिताची. एक हजारांचा नमुना शास्त्रशुद्ध निवडला, तर त्रुटीची मर्यादा साधारण तीन टक्के, दोन्ही बाजूंना. हे वाक्य आपण टीव्हीवर ऐकतो. पण दोन उमेदवारांतील फरकाला लागू होणारी त्रुटी जवळजवळ दुप्पट असते, हे कुणी सांगत नाही. आणि समजा, राज्यभर पाच हजार लोकांना विचारले. मतदारसंघ २८८. म्हणजे चिंचवडच्या वाट्याला सरासरी सतरा माणसे! सतरा जणांवरून काढलेल्या टक्केवारीत चोवीस टक्के इकडेतिकडे होऊ शकते. तरीही नकाशावर चिंचवड कुठल्या तरी रंगात रंगवलेले दिसते. तो रंग कुठून आला, हे विचारण्याचा हक्क मतदाराला असावा की नाही?

१७/ 'पश्चिम महाराष्ट्रात अमुक इतक्या जागा' असे विभागवार अंदाज दिले जातात. या औद्योगिक पट्ट्याची मात्र गंमत अशी की २००८ च्या फेररचनेने तो मधोमध कापला. पिंपरी आणि चिंचवड मावळ लोकसभेत. भोसरी आणि चाकणचा खेड-आळंदी शिरूरमध्ये. २९ एप्रिल २०१९ रोजी दोन्हीकडे एकाच दिवशी मतदान झाले. मावळात शिवसेनेचे श्रीरंग बारणे दोन लाखांहून अधिक मतांनी जिंकले. शिरूरमध्ये त्याच शिवसेनेचे शिवाजीराव आढळराव राष्ट्रवादीच्या अमोल कोल्हे यांच्याकडून पराभूत झाले. तेच कारखाने, त्याच बसगाड्या, आणि कौल उलटा. त्याआधी २००९ च्या विधानसभेत चिंचवड आणि भोसरी या दोन्ही ठिकाणी अपक्ष निवडून आले होते : लक्ष्मण जगताप आणि विलास लांडे. प्रश्नावलीत फक्त पक्षांची नावे असतील, तर असा मतदार 'इतर' या रकान्यात हरवतो. म्हणून प्रश्नावलीही उघड हवी.

१८/ राज्य पातळीवर हे किती घसरते, हे आपण अलीकडेच पाहिले. २०१९ च्या विधानसभेला बहुतेक एक्झिट पोलनी युतीला दोनशेच्या पुढे नेले; मिळाल्या १०५ आणि ५६, एकूण १६१. २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात महायुतीला झुकते माप देणारे अंदाज होते. प्रत्यक्षात महाविकास आघाडीला ३० आणि महायुतीला १७. त्याच वर्षी नोव्हेंबरात महायुतीच्या तीन पक्षांनी मिळून २३० जागा जिंकल्या; एवढ्या मोठ्या विजयाची कल्पना फारच थोड्यांना आली होती. चूक होणे हा गुन्हा नाही. चूक नमुन्यात होती, लोकांच्या उत्तरात होती, की मतांच्या जागा करताना झाली, हे बाहेरच्या कुणालाही तपासता येत नाही, ही खरी तक्रार आहे.

१९/ या संदर्भात अमेरिकेतील एक जुनी गोष्ट. १९३६ मध्ये 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना टपालाने नमुना मतपत्रिका पाठवल्या. तेवीस लाखांहून अधिक परत आल्या. निष्कर्ष : लँडन जिंकणार. जिंकले रूझवेल्ट, तेही साठ टक्क्यांहून जास्त मतांनी. ही फजिती सर्वांना ठाऊक आहे. पण त्यातला एक तपशील सहसा कुणी सांगत नाही. 'डायजेस्ट' चुकणार आणि कसे चुकणार, हे जॉर्ज गॅलप यांनी काही महिने आधीच जाहीर केले होते. कशाच्या बळावर? पत्ते टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतले जातात, हे उघड होते. मंदीच्या काळात अशा याद्यांत कोण असणार, हे ओळखायला ज्योतिषी नको होता. पद्धत उघड होती, म्हणून चूक आधीच पकडता आली. आपल्याकडे चाकणच्या चौकातली चूक निकालानंतरही पकडता येत नाही.

२०/ इतर देशांनी आपापल्या परीने मार्ग काढले. फ्रान्सने १९७७ मध्ये कायदाच केला आणि देखरेखीसाठी आयोग नेमला. ब्रिटनमध्ये २००४ साली चाचणी संस्थांनीच एकत्र येऊन परिषद स्थापली. चाचणी प्रसिद्ध झाली की दोन कामकाजी दिवसांत तिचे तपशीलवार तक्ते सभासदांनी खुले करायचे. अमेरिकेतील संशोधकांच्या संघटनेने २०१४ मध्ये पारदर्शकतेचा उपक्रम सुरू केला. यामुळे चुका थांबल्या का? मुळीच नाही. २०१५ मध्ये ब्रिटनच्या चाचण्या साफ चुकल्या. पण तक्ते उपलब्ध असल्याने चौकशी झाली आणि नमुनाच प्रातिनिधिक नव्हता, हा निष्कर्ष जाहीर झाला.

२१/ संस्थांची बाजूही ऐकली पाहिजे. उत्तरांना कुठे किती भार द्यायचा, ही आमची वर्षानुवर्षांची कमाई आहे, ती फुकट का उघड करावी, असे त्या म्हणतात. यात तथ्य आहे. पण प्रायोजकाचे नाव, मुलाखतींच्या तारखा, नमुन्याचा आकार आणि प्रश्नाची शब्दरचना हे कोणते व्यापारी गुपित? वडापाव विकणारा मसाल्याचे प्रमाण सांगत नाही, हे मान्य. गाडी कुणाची आहे हे तरी सांगतो.

२२/ न्या. अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने मार्च २०१५ मध्ये आपला २५५ वा अहवाल दिला. त्यात १९९८ च्या त्या हरवलेल्या दुसऱ्या भागाला नवे रूप मिळाले. चाचणीचे निष्कर्ष देताना ती कुणी केली, कुणी करवून घेतली, नमुना व पद्धत काय, त्रुटी किती, हे देणे बंधनकारक करणारी नवी कलमे सुचवली गेली. शिफारस शिफारसच राहिली.

२३/ आणि महापालिकेचे काय? कलम १२६-अ बोलते ते लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुकांविषयी. पालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो. तिला ते कलम लागू होत नाही. २०१७ मध्ये पिंपरी-चिंचवडमध्ये १२८ नगरसेवक निवडायचे होते, चार-चार सदस्यांचे ३२ प्रभाग होते आणि मतदाराला चार मते द्यायची होती. भाजपने ७७ जागा घेऊन राष्ट्रवादीची सत्ता संपवली. अशा निवडणुकीत 'अमुक पक्षाला चाळीस टक्के' असा आकडा कुणी दिला, तर पहिला प्रश्न हाच : चारपैकी कोणत्या मताविषयी विचारले होते?